दोन नंबरच्या घरातल्या मधमाशा

आम्ही सुलतान बाजारचे. तुम्ही आता बघता तो रस्त्यावरचा बाजार नव्हे, त्याच्या मागची गल्ली, पुढून साड्यांची अन् पुस्तकांची दुकानं अन् मागून आमची घरं, एकाला एक टेकलेली, इतकी की शेजारी मिरचीची फोडणी घातली की ठसका आम्हाला लागायचा. वडील महसूल खात्यात कारकून, आजोबा त्याच्याही आधी कचेरीत, उर्दूत अर्ज लिहायचे, अक्षर फार सुंदर होतं म्हणे. घरात मराठी, दारात उर्दू, भाजीवालीशी तेलुगू, असं तीन तोंडांनी बोलत आम्ही मोठे झालो अन् तिन्हीतलं एक तोंड धड नाही. मघाशी मी पाणी हवं का म्हणायचं ते पाणी होना का म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात, मी बघितलं. हसा, मला राग नाही, पुण्याकडचे सगळेच हसतात.

आई गेली तेव्हा मी दहावीला होते अन् वसंता, माझा भाऊ, पाच वर्षांचा. मग काय, शाळा तिथंच थांबली. मराठी शाळा होती आमची, बाई दोनदा घरी येऊन गेल्या, पोरगी हुशार आहे म्हणाल्या, वडील म्हणाले, घरी कोण करणार, अन् तेही खरंच होतं. वसंताला मीच न्हाऊ घातलं, मीच शाळेत पोचवलं, तो मला अक्का म्हणायचा पण ताप चढला की आई म्हणायचा. लग्नाचं म्हणाल तर इथं आमच्यातली घरं थोडी, सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, म्हणून वडिलांनी पुण्याकडं पत्रं लिहिली. एक जण आले, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले, कळवतो म्हणाले. अजून कळवायलेत.

मग मी मशीनवर बसले. कोठीकडं जाताना एक मॅचिंगचं दुकान होतं, त्याच्या ओट्यावर माझं मशीन, साडीला फॉल लावायचा अन् पिको करायचा. फॉलचं काम असं असतं की टाका वरून दिसला तर काम वाया गेलं. तीस वर्षं, जास्तच, मी न दिसणारे टाके घातले. अन् गर्दी किती, बायका, ऑटो, बसा, सणाच्या आधी तर मान वर करायला फुरसत नाही. काय सांगू तुम्हाला, त्या गर्दीत मला एकटं वाटत नव्हतं असं नाही, पण ते वाटायला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे.

दुकानदार म्हातारा झाला, त्याच्या पोरांनी दुकान बंद केलं, तिकडं गल्लीतली घरंही एकेक करून गेली, आमचंही गेलं, अन् वसंता मला घेऊन त्याच्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला आला, कोंडापूरला, नवव्या मजल्यावर. वर्षभरात वसंता गेला. बसल्या बसल्या गेला, हातात चहा होता. त्याच्यानंतर त्या घरात मी कोण, हे मलाच समजेना. भाचा अन् त्याची बायको वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, कुणी मला कधी उलटं बोललं नाही. पण कुणी सुलटंही बोललं नाही. सकाळी सगळे जायचे, संध्याकाळी यायचे, प्रत्येकाच्या हातात फोन, मी हॉलमध्ये सोफ्याच्या एका कडेला, टीव्ही बंद झाला की तिथंच माझी गादी पडायची. दिवसच्या दिवस असे गेले की मी दूधवाल्याशी बोललेले तेवढेच शब्द.

तिथंच खालच्या मजल्यावर केतकी राहायची. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत, नवरापण त्यातच. एकदा लिफ्टमध्ये तिनं माझं मराठी ऐकलं अन् मावशी म्हणाली, अन् आईची साडी आणून दिली फॉलला. मी हातानं लावून दिला. ती तो फॉल उलटून पालटून बघत बसली, म्हणाली, मावशी, तुमचा हात किती स्थिर आहे. मला वाटलं उगीच कौतुक, पण तिच्या मनात दुसरंच चाललेलं. तिनं चेवेल्ल्याच्या पुढं जमीन घेतली होती, दोन पॉलिहाऊस उभी केली होती, तिला तिथं राहून काम करणारं माणूस होना होतं, अन् गावातली माणसं टिकत नव्हती. तुम्ही याल का म्हणाली. भाचा म्हणाला, आत्या, तू कशाला जातेस. एकदा म्हणाला. मी दोन दिवस वाट बघितली, तो परत म्हणतो का म्हणून, खरं सांगते. मग ट्रंक भरली.

ही खोली बघताय ना तुम्ही, वर पत्रा, उन्हाळ्यात तापतो, एक खिडकी, एक मोरी, बाजूला पाण्याची मोटार अन् खताच्या टाक्या. दुसऱ्या कुणाला ही खोली काही वाटणार नाही. पण मला दाराला आतून लावायची कडी मिळाली ती साठीला टेकल्यावर, इथं. पहिल्या दिवशी मी ती तीनदा लावून बघितली.

आता कामाचं सांगते. पॉलिहाऊस म्हणजे लोखंडी कमानी, वर दुधाळ प्लास्टिक, बाजूला जाळी. जाळी अशी बारीक की चिलटसुद्धा आत जाऊ नये, कारण चिलटं आली की वेलीला रोग आला. पण चिलट जात नाही तिथं मधमाशी कुठून जाणार, अन् खरबुजाचं असं आहे की माशी नाही तर फळ नाही. वेल वाढेल, पिवळी फुलं येतील अन् गळून पडतील. म्हणून माशीचं काम माणसानं करायचं. केतकी त्याला परागीकरण म्हणते, इकडची माणसं क्रॉसिंग म्हणतात. मला यादगिरीनं शिकवलं, तो खतपाण्याचा माणूस, शेजारच्या गावचा, एक दिवसाआड मोपेडवर येतो. तोंडानं काही सांगितलं नाही, हातानंच दाखवलं. नरफूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागं सोलायच्या, मधला पिवळा गोंडा मोकळा करायचा अन् मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा, दाबायचा नाही. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्या देठाशी हरभऱ्याएवढी हिरवी गाठ असते, लव असलेली. सकाळी सहाला सुरू करायचं अन् दहाच्या आत संपवायचं, ऊन चढलं की पराग मरतो, मग कितीही फिरवा. हसून यादगिरी म्हणाला, अम्मा पेळ्ळी करते, म्हणजे लग्नं लावते. मी म्हटलं, हौ बाबा, दुसऱ्यांचीच लावायची आमच्या नशिबात.

ज्या दिवशी फूल केलं त्या दिवसाचा दोरा देठाला बांधायचा, रोजचा रंग वेगळा, सोमवारी लाल, मंगळवारी निळा, म्हणजे पुढं कुठलं फळ किती दिवसांचं ते कळतं, कापायचा दिवस चुकत नाही. रंगांचं मला सांगायला नको होतं. मग एका वेलीवर तीन गाठी धरतात, त्यांची अंड्याएवढी फळं झाली की त्यातलं एक चांगलं बघून ठेवायचं अन् बाकीची दोन खुडून टाकायची. पहिल्या वेळी माझ्यानं खुडवेना. यादगिरी म्हणाला, तिन्ही ठेवली तर तिन्ही फिकी. मग खुडली.

अन् खत. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. वेल लहान असते तेव्हा तिला नत्र होना, पानं वाढायला, म्हणून एकोणीस-एकोणीसची पिशवी, आम्ही तिला पहिली पिशवी म्हणतो, पाण्यातून ड्रिपनं द्यायची. पण फुलं यायच्या आधी चार दिवस ती बंद करायची अन् दुसरी सुरू करायची, झिरो बावन्न चौतीस, तिच्यात नत्र नाहीच. बंद नाही केली तर वेल माजते. पानं होतात ताटाएवढी, काळीशार हिरवी, बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर पीक आहे, अन् आत फूल नाही. आलं तर नराचं, मादीचं आलं तरी गळतं. वेलीला वाटतं आपल्याला सगळं मिळायलंय, मग फळ कशाला धरू. शेवटी फळ भरलं की पालाश, अन् तोडायच्या आधी पाणीसुद्धा कमी करायचं, तेव्हा गोडी उतरते. केतकी सुरुवातीला म्हणाली होती, आपण नुसतं गांडूळखत घालू, तर पहिल्या वर्षीच्या वेली अशा पिवळ्या पडल्या की यादगिरीनं डोक्याला हात लावला. त्याच्यानंतर ती दोन्ही घालते.

दोन हंगाम मी एकटीनं काढले, एक नंबरच्या घरात खरबूज, दोन नंबरमध्ये काकडी, काकडीला माझी गरज नव्हती, ती जात परागाशिवायच फळ धरते. एक नंबरमध्ये गेलं की दोन दारं, दोन्ही जाळीची, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत आवाज नाही. बाहेर वारा असला तरी आत पान हलत नाही. केसाला फडकं बांधून मी ओळीमागून ओळ करायची अन् माझंच माझ्याशी बोलायची, कारण यादगिरी बोलत नाही अन् माझं तेलुगू बाजारातलं, भाव करण्यापुरतं. मराठी बोलायची ती रविवारी, केतकी आली की. शनिवारपासून मी ठरवून ठेवायची, हे सांगायचं, ते सांगायचं. ती यायची, डबा आणायची, फळं बघायची, फोनवर बोलायची, जाताना मिठी मारायची अन् गाडी वळली की मला आठवायचं, अरे, हे सांगायचं राहिलं.

गेल्या हंगामाच्या आधी ती म्हणाली, मावशी, या वेळी दोन्ही घरांत खरबूज लावू. एक नंबर तुमच्या हातानं, अन् दोन नंबरमध्ये मधमाशांची पेटी ठेवू. माशा केलेलं फळ जास्त भरतं म्हणतात, बिया जास्त धरतात, आकार सारखा येतो. बघू कुठलं चांगलं येतं, मग पुढच्या वेळेपासून एकच पद्धत ठेवू. ती हे बोलताना पेरू कापून देत होती मला. तिच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण मी ऐकलं ते एवढंच की माशा चालल्या तर इथं माणसाचं काम नाही, अन् काम नाही तर ही खोली नाही, अन् खोली नाही तर तो सोफा. त्या दिवशी मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक पेरू गोड आहे म्हणाले.

पेटी आणली ख्वाजामियाँनी. जहीराबादकडचे म्हातारे, पांढरी दाढी, पेटी अशी उतरवली जशी झोपलेलं मूल उतरवतात. मला म्हणाले, आपा, पहिले चार दिवस साखरेचं पाणी ठेवा, नवीन जागेत बिचाऱ्या घाबरतात, मग बंद करा, पोट भरलं तर फुलांवर जाणार नाहीत. औषध फवारायचं नाही. बस. बाकी इनों आपना काम जानते. मी हौ म्हटलं.

त्याच आठवड्यात यादगिरीच्या मुलीचं लग्न निघालं, तो पंधरा दिवस येणार नव्हता. जाताना मला टाकीपाशी नेऊन दाखवलं, अम्मा, सोमवारपासून पहिली पिशवी बंद, दोन्ही घरांना दुसरी. दोन नंबरला तर पहिली अजिबात नको, तिथं काकडीचं खत जमिनीत आधीच आहे. दोन्ही टाक्यांच्या तोट्या दाखवल्या, माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं. मी म्हटलं, मालूम झालं, तू जा, पोरीचं लग्न नीट कर.

सोमवारी सकाळी मी एक नंबरच्या टाकीत दुसरी पिशवी घातली. मग दोन नंबरच्या टाकीपाशी गेले. हातात तीच पिशवी होती. मी ती खाली ठेवली अन् पहिली उचलली.

विसरले असं मी नंतर मनाला सांगून बघितलं. वय झालं, दोन टाक्या, दोन पिशव्या, होतं माणसाकडून. पण मी विसरले नव्हते हो. मला यादगिरीचा शब्द न् शब्द आठवत होता. माझ्या मनात फक्त एवढं आलं की या माशांना फूल दिसू नये.

अन् काय पीक आलं तुम्हाला सांगू. दोन नंबरची वेल अशी फोफावली की ओळीतून चालता येईना, पानावर पान, आत अंधार. केतकीनं फोनवर फोटो मागितला, मी पाठवला, ती म्हणाली, मावशी, किती छान. माझ्या घरात वेल बेताची अन् फुलं भरगच्च, मी सहा ते दहा मान वर करत नव्हते. दहाला बाहेर आले की दोन नंबरमध्ये जायची, पेटीचं पाणी बदलायला, ते काम माझंच होतं. साखरपाणी चार दिवसांनी बंद केलं, सांगितलं होतं तसंच. त्यात मी चूक केली नाही. माशा निघायच्या, पानांवर फिरायच्या, मग वर प्लास्टिकला जाऊन धडकायच्या, टप टप, तिकडं उजेड दिसतो ना त्यांना, वाटतं बाहेर जायची वाट आहे. संध्याकाळी कोपऱ्यात पडलेल्या असायच्या. मी केरसुणीनं गोळा करायची. पहिल्या दिवशी मूठभर, मग सुपलीभर.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला विचित्र वाटेल. दुपारी जेवून मी त्या पेटीशी जाऊन बसायला लागले. दोन वर्षांत त्या प्लास्टिकच्या खाली माझ्याशिवाय दुसरा आवाज मी ऐकला नव्हता. अन् ही पेटी आतून गुणगुणायची, कान लावला तर आत कितीतरी जणी आपापल्या कामात आहेत असं वाटायचं, लग्नघरात मागच्या खोलीत बायका बोलतात तसं. मी बसायची अन् बरं वाटायचं. एक दिवस मी त्यांना वसंताचं सांगायला लागले, चहाचा कप हातात होता ते. सांगता सांगता माझं लक्ष गेलं की आवाज कालच्यापेक्षा कमी आहे. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. मी मोजत नव्हते पण मला कळत होतं.

दहाव्या दिवशी मी पहिली पिशवी बंद केली. दुसरी घातली, साखरेचं पाणीही परत ठेवलं, लपून, जसं चोरी करायलीय. पण साखर ठेवली तर त्या साखरेवरच बसल्या, ख्वाजामियाँ म्हणाले होते तेच झालं, अन् वेल काही एका दिवसात ऐकत नाही. फुलं आली ती उशिरा, ऊन वाढल्यावर, तोवर पेटीत माशा राहिल्या थोड्या. ज्या राहिल्या त्यांनी केलं काम. शेवटच्या ओळीत, कडेला, सात-आठ फळं धरली त्यांनी. मी ती रोज बघायची. गोल, चारी बाजूंनी सारखी, सालीवरची जाळी एकसारखी उठलेली. माझ्या हाताच्या फळांना एका बाजूला जरा चपटेपणा असतो, गोंडा सगळीकडं सारखा फिरत नाही माणसाकडून. मला फळातलं कळतं आता. ती माझ्यापेक्षा चांगली होती.

पण सात-आठ फळांनी काय होतं. तोडणीला केतकी नवऱ्याला घेऊन आली, माझं घर भरलेलं, दोन नंबरमध्ये नुसता पाला. तिनं मला घट्ट धरलं, म्हणाली, मावशी, तुम्ही माशांना हरवलंत. फोटो काढला आमचा दोघींचा, माझ्या हातात खरबूज. मी हसले त्यात. तुम्ही तो बघितलाय, तोच बघून तुम्ही आलात.

ख्वाजामियाँ पेटी न्यायला आले तेव्हा केतकी नव्हती. त्यांनी झाकण काढलं, एकेक चौकट वर उचलून बघितली, परत ठेवली. मग दोन नंबरच्या पानांकडं बघितलं, पान हातात घेऊन उलटं केलं, देठ दाबून बघितलं. म्हातारा माणूस, आयुष्य गेलं त्यात, त्यांना काय कळलं नसेल. मला वाटलं आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी अजून मानते. त्यांनी फक्त झाकण लावलं अन् म्हणाले, भूके मर गए इनों, आपा. उपाशी मेल्या. मी त्यांना चहा विचारला. ते नक्को म्हणाले, पेटी एका हातानं उचलून गाडीत ठेवली. आणली तेव्हा दोन्ही हात लागले होते.

यादगिरीही परत आला, खताच्या खोलीत गेला, पहिल्या पिशव्या किती उरल्यात ते त्यानं बघितलंच असणार. बाहेर येऊन माझ्याकडं बघितलं, मुलीच्या लग्नाचे लाडू दिले अन् मोटार चालू केली. तो मुळातच बोलत नाही, त्यामुळं काही समजत नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी गिळलं असतं, खोटं कशाला बोलू. माणूस काय काय गिळतं. पण केतकीनं हे पुढं सांगितलं. पॉलिहाऊसवाल्यांची कसली बैठक होती, तिथं ती उभी राहून म्हणाली की आपल्या इकडच्या हवेत आत मधमाशा चालत नाहीत, आम्ही करून बघितलं, हातानं केलेलंच चांगलं. ती शिकलेली, नीट बोलणारी, लोकांनी ऐकलं. दोघांनी ख्वाजामियाँना सांगितलेल्या पेट्या नको म्हणून कळवलं. हे मला यादगिरीनं सांगितलं, तो एकदाच एवढं लांब बोलला. सांगून झाल्यावर माझ्याकडं न बघता ड्रिपची नळी झटकत बसला.

आता नवीन रोपं ट्रेमध्ये आहेत, दोन्ही घरांत लावायची. दोन्ही मी करायची असं ठरलंय, केतकी म्हणते, मावशी, तुमच्या मदतीला दोन बायका देते. म्हणजे खोली पक्की, काम पक्कं, मला पाहिजे होतं ते सगळं झालं. अन् दुपारी जेवून मी दोन नंबरमध्ये जाते. तिथं आता काही नाही, पेटी ठेवायचा लोखंडी स्टँड तेवढा आहे. मी जाऊन बसते. यडचापच की नाही. फ्लॅटवर कुणी बोलत नव्हतं तर ते त्यांच्यामुळं असं म्हणता येत होतं. इथं कुणी नाही ते माझ्यामुळं.

केतकीला तोंडानं सांगायचं मी चार रविवार ठरवलं. ती गाडीतून उतरते, मावशी म्हणून हाक मारते, डबा हातात देते, त्यात माझ्यासाठी वेगळी बिनतिखटाची भाजी असते, माझे दात दुखतात म्हणून. मग मी भाजी छान झालीय एवढंच म्हणते. मग तिनंच सांगितलं की तुम्ही येणार, माझ्या आयुष्यावर लिहिणार, मराठीत छापून येणार. मी आधी नक्को म्हणणार होते, माझ्या आयुष्यात छापायसारखं काय आहे. मग विचार केला. भाच्याला मराठी वाचता येत नाही, बोलतो पण अक्षर लागत नाही, त्याच्या पोरीला तर बोलायचीही अडचण. शेजारीपाजारी सगळे तेलुगू. म्हणजे मला ओळखणाऱ्यांत हे वाचणारी जगात एकटी केतकी आहे. म्हणून मी हौ म्हटलं तुम्हाला.

तेव्हा हे गाळू नका. त्या यंत्रात भरलंय ना सगळं, पिशवीचं, साखरपाण्याचं, तसंच्या तसं लिहा, माझी भाषा सुधारायची असेल तर सुधारा पण हे सुधारू नका. तिला सांगा, दोन नंबरमध्ये पेट्या आण, ख्वाजामियाँच्याच आण, अन् बैठकीत परत उभी राहून सांग की चूक माशांची नव्हती. फुलं यायच्या चार दिवस आधी पहिली पिशवी बंद करायची, मी इथं असले तर मी करीन, नसले तर यादगिरीला मालूम आहे. फार चांगली पोरगी आहे ती, परक्या बाईला तिनं घर दिलं, तिचं सगळं भरभरून फळो, तिला कधी सोफ्याच्या कडेला बसायची पाळी न येवो. अन् तिला म्हणावं, वाचून झालं की फोन करू नको. मला फोनवर बोलता यायचं नाही. रविवारी येतेस तशी ये. नाही आलीस तर मला कळेल.